वरून खाली फुलणारा माड

सई, ये अशी खिडकीपाशी. आपल्या भेरली माडाला रोग लागलाय, असं खाली सगळे म्हणतात ना? रोगबिग काही नाही गं. त्याची साठवणीची तिजोरी आता उघडली आहे.

चारकोपचे हे सेक्टर म्हाडाने १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वसवले. आम्ही राहायला आलो तेव्हा खाडीचा वारा थेट घरात यायचा, पण सावली म्हणून कुठे नव्हती. पुढे शोभेसाठी फाटकापाशी बाटली पाम लागले. ते दूरदेशीचे पाहुणे. मी गावाहून हे रोप आणलं, आपल्या सह्याद्रीतलं.

पान बघ त्याचं. नारळाच्या झावळीला नुसती पाती असतात. इथे मधल्या दांड्याला फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांना पानं. ताडामाडांच्या कुळात असं दोनदा विभागलेलं पान फक्त याच्या भावकीत सापडतं. आणि पानाचं टोक कसं, तर कोळणीच्या टोपलीतल्या माशाची शेपटी जणू कोणी कातरलीय! म्हणून बागवाले याला फिशटेल पाम म्हणतात. खोडावरची वळी दिसतात ना? एकेक वळं म्हणजे गळून गेलेल्या झावळीची खूण.

आता खरी नवलाई ऐक. नारळ वर्षानुवर्षं फुलत राहतो. हा मात्र दहा-पंधरा वर्षं एक फूल काढत नाही. पानांनी उन्हात रांधलेलं अन्न पिठासारखं खोडात भरत जातो. एक दिवस शेंड्याची वाढ थांबते आणि तिथून घोड्याच्या शेपटीसारखा लांबलचक फुलोरा खाली लोंबतो. मग त्याच्या खालच्या पेऱ्यातून दुसरा, त्याच्याही खालून तिसरा. असा पाच-सात वर्षं तो पायरी पायरीने उतरत येतो. कोकणात याची माडी काढतात, श्रीलंकेत रसाचा गूळ करतात. तो सगळा गोडवा त्या जपलेल्या पिठाचा. सगळ्यात खालचा घोस पिकला की कोठार रिकामं होतं आणि झाड वाळतं.

थांब, त्या लाल फळांना हात लावू नकोस! गरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात, कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराच्या. अंगाला आग सुटते. लिनियसने १७५३ मध्ये याला नाव दिलं तेच ‘युरेन्स’, म्हणजे जाळणारा. उदमांजराला मात्र काही होत नाही. ते रात्री फळं खातं आणि बिया दूरवर टाकून येतं.

मोज पाहू, किती घोस उतरले? चार? बरोबर. शेवटचा पिकेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही, असं मी खाली सांगून आलोय.

आता ही प्लास्टिकची पिशवी हातात चढव. पडलेल्या फळांतल्या चार बिया आपण कुंडीत टाकू. उगवायला काही महिने लागतील. रोज पाणी तू घालायचंस. पहिलं पान वर आलं की मला हाक मार. तेही शेपटीसारखंच दुभंगलेलं असतं.