वार, चीक आणि वासराचें पोषण

गाय अगर म्हैस व्याली म्हणजे वार पडेपर्यंत वासरास सडाला तोंड लावूं द्यावयाचें नाहीं, व पहिला चीक खरवसासाठीं शेजारींपाजारीं वाटावयाचा, ही चाल आपल्या हिंगोली जिल्ह्यांत अद्याप पाहण्यांत येते. आम्हीहि ती पाळीत होतों. नोकरीच्या काळांत एका उन्हाळ्यांत आमच्या म्हशीचा चीक आम्हीं ओळखीच्या मंडळींस वाटला. खरवसाची वाहवा झाली. रेडकूं मात्र आठव्या दिवशीं हगवणीनें दगावलें. आपलें काय चुकलें, हें आम्हांस पुढें समजलें.

गाय सुमारें 280 व म्हैस सुमारें 310 दिवस गाभण असते. ह्या अवधींत आईचें रक्त गर्भाच्या रक्तांत मिसळत नाहीं. वारेच्या पडद्यांतून पोषक द्रव्यें तेवढीं पाझरतात. परंतु चरबींत विरघळणारीं 'अ' आणि 'ई' हीं जीवनसत्त्वें त्या वाटेनें फारच थोडीं उतरतात. सबब, चांगल्या पोसलेल्या गाईचें वासरूंहि त्यांचा अत्यल्प सांठा घेऊन जन्मास येतें. ही उणीव चीक भरून काढतो. साध्या दुधाच्या कितीतरी पट 'अ' जीवनसत्त्व त्यांत असतें. रोगनिवारक द्रव्येंहि वासरास चिकांतूनच मिळतात. तीं शोषून घेण्याची आंतड्याची शक्ति पहिल्या 24 तासांत संपुष्टांत येते.

आतां चिकांत तरी हें जीवनसत्त्व कोठून येतें? हिरव्या चाऱ्यांतील कॅरोटीन नांवाच्या द्रव्यापासून तें जनावराच्या शरीरांत तयार होतें व यकृतांत सांठतें. उन्हांत वाळलेल्या कडब्यांत व सोयाबीनच्या भुसकटांत कॅरोटीन जवळजवळ नसतें. पावसाळी गवतावर झालेला सांठा कांहीं महिने पुरतो. चैत्र-वैशाखांत विणाऱ्या जनावराचा तो सरत आलेला असतो. उणीव फार झाल्यास जनावर गाभडणें, वार अडकणें, वासरूं दुर्बळ किंवा आंधळें निपजणें, असे प्रकार घडतात.

करितां शेवटचे दोन महिने गाभण जनावरास रोज 4-5 किलो तरी लसूणघास, मका अगर दुसरा हिरवा चारा द्यावा. व्याल्यावर तासाभरांत वासरास चीक पाजण्यास आरंभ करावा; 20 किलो वजनाच्या वासराच्या पोटांत पहिल्या दिवशीं निदान 2 लिटर चीक गेला पाहिजे. वार पडण्याची वाट पाहूं नये. वासरूं पिऊं लागल्यानें ती पडण्यास मदतच होते. वासराचा हिस्सा आधीं. उरेल त्याचाच खरवस करावा, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.