शाळेची परीक्षा

मुलांची परीक्षा असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शाळेचीही परीक्षा असते. ती कोण घेतो, कशी घेतो आणि तिच्यात लबाडी कशी होते, ते आज सांगतो. लबाडीचे मला चांगले ठाऊक आहे. ती मी स्वतः केली आहे.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. मी नवा मास्तर होतो. अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात एका गावी माझी नेमणूक होती. तपासणीचा निरोप आला की शाळेत पोळ्यासारखी धांदल उडे. भिंतींना चुना, फळ्याला काळा रंग, मुलांना धुतलेले कपडे. पूर्वी तपासणीला डिप्टीसाहेब येत. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या, तेव्हापासून विस्तार अधिकारी येऊ लागले. पण गावातली म्हातारी माणसे त्यांनाही डिप्टीच म्हणत.

चौथीत एक मुलगा होता. जोडाक्षर आले की तो गप्प होई. तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटले, "उद्या तू ढोरं घेऊन जा. शाळेत येऊ नको." बाकीच्या मुलांकडून एकच धडा दहा वेळा घोकून घेतला. साहेब आले. मी तोच धडा उघडायला लावला. मुलांनी तो घडाघडा म्हटला. साहेबांनी शेरेबुकात लिहिले, 'वाचन समाधानकारक.' चहा झाला, साहेब गेले. मी खूष झालो.

त्या वर्षी तो मुलगाही पास झाला. पास मीच केला. पुढे कापसाच्या हंगामात त्याचा बाप शाळेत आला. हातात कापसाची पावती होती.

"गुरुजी, चार वर्सं पोरगं शाळेत धाडलं. आज हे पावती वाचाले देली, तर त्याले काहीच लागत नाही. मंग तो पास कायचा झाला?"

मी काय बोलणार? पावती वाचून दाखवली आणि त्याला वाटेला लावले.

आता कापसाचेच बघा. गाडी संकलन केंद्रावर उभी राही. ग्रेडर वरचा कापूस बघून प्रत ठरवत नसे. वर चांगला, कोरडा कापूस पसरलेला असतो, हे त्याला ठाऊक असे. तुम्हालाही ठाऊक आहे! तो कोपरापर्यंत हात आत घाली. दोन-चार ठिकाणचा मूठ मूठ कापूस काढी. ओल बघे, कवडी बघे, धागा ओढून बघे. सगळी गाडी उपसावी लागत नसे. माझ्या साहेबांनी मात्र वरचा कापूस पाहिला. तो मीच पसरला होता.

शाळांच्या गाडीतून अशी मूठ काढण्याचे काम आता देशभर होते. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली 'असर' नावाची पाहणी सुरू केली. ही पाहणी सरकारी नव्हे. पाहणी करणारे खेड्यात मुलांच्या घरी जातात. एका जिल्ह्यातली साधारण ३० गावे आणि दर गावातली २० घरे निवडतात. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी असते, कोणाच्या मर्जीने नव्हे. मुलाला एक कागद देतात. त्यावर आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीचा छोटा उतारा, मग दुसरीची गोष्ट. जिथवर येईल तिथवर मुलाने वाचायचे. घरीच गाठल्यामुळे माझ्यासारख्या मास्तरला कच्चे पोर ढोरांमागे धाडता येत नाही.

२०२४ च्या पाहणीत काय दिसले? देशाच्या खेड्यांतली पाचवीची शंभर मुले घेतली, तर त्यांपैकी सुमारे ४९ मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. उरलेली ५१ मुलेही पाचवीतच बसत होती.

सरकारही आपली पाहणी करते. ४ डिसेंबर २०२४ रोजी निवडक शाळांत 'परख' नावाची पाहणी झाली. तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांना प्रश्न दिले. यात मूल पास-नापास होत नाही. कोणत्या जिल्ह्यात काय कच्चे आहे, ते कळते.

तुम्ही म्हणाल, मग मास्तरचा पगारच निकालावर ठेवा! ते करून झाले आहे. इंग्लंडात १८६२ साली असा नियम केला. साहेब येऊन एकेका मुलाचे वाचन, लेखन, गणित तपासी. जितकी मुले उतरत, तितके अनुदान शाळेला मिळे. मास्तरांनी काय केले? पुस्तकेच पाठ करून घेतली. तीसेक वर्षांनी तो नियम काढावा लागला. काट्यावर पैसा ठेवला की काट्याला बोट लागते. आणि मी तर पैशावाचून, नुसत्या शेऱ्यासाठीच बोट लावले होते.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. पुढे २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. ते असो. तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. याच कायद्याने गावच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असतात. समितीत निम्म्या बाया असतात. शाळेचे काम कसे चालते आणि अनुदान कुठे खर्च होते, यावर समितीने लक्ष ठेवायचे असते. पण पुष्कळ गावी सभा वहीतच होते. वही घरी येते आणि अंगठा उमटतो. आता तुम्हाला वाचता येते. काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

घरीही एक करून बघा. पोराला त्याचेच पुस्तक वाचायला लावू नका, ते पाठ असेल. खताच्या पोत्यावरचे वाचायला सांगा, एसटीची पाटी वाचायला सांगा. हे पुस्तक द्या. ५२ मधून २७ वजा करायला सांगा. हातचा घेता येतो का बघा. अडले तर मारू नका. कुठे अडले ते कागदावर लिहा. तुमचे अक्षर वाकडे आले तरी चालेल. तो कागद समितीच्या सभेत गुरुजींपुढे ठेवा. गुरुजी आधी थोडे रागावतील. मीही रागावलो असतो.