उसाच्या वाढीव दराचा खटला आणि करवादाचा वकील

वकील म्हटला की आपल्याला बांधाचा वाद आठवतो, नाहीतर वाटणीचा दावा. पण काही वकिलांचा सारा जन्म खतावणी, ताळेबंद आणि सभेचे ठराव वाचण्यात जातो. ते करवादाचे वकील. त्यांचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणाल तर उसाच्या बिलाकडे पाहा.

२००९ मध्ये एफआरपी आली. त्याआधी सहकारी कारखाना पहिल्यांदा केंद्राने ठरवलेली वैधानिक किमान किंमत द्यायचा. हंगाम संपला की ऊस नियंत्रण आदेशाच्या ‘५ अ’ कलमाखाली हिशेब होऊन वाढीव दर ठरायचा. आयकर खात्याने हरकत घेतली, की ही वरची रक्कम खर्च नव्हे, सभासदांना वाटलेला नफा आहे. त्यावर कर भरा. कारखान्यांचं म्हणणं सरळ होतं. ऊस घेतला, त्याचे पैसे दिले, यात नफा कसला?

प्रश्न एका ओळीचा, पण खटला चालला वर्षानुवर्षं. करनिर्धारण अधिकारी, आयुक्तांकडे अपील, न्यायाधिकरण, हायकोर्ट अशा पायऱ्या चढत तो दिल्लीला गेला. २०१२ साली कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो फेरतपासणीसाठी खाली पाठवला. ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात निकाल लागला. वाढीव दरात नफ्याचा जेवढा अंश, तेवढंच नफावाटप, बाकीचा खर्च. आणि तो अंश किती, हे अधिकाऱ्याने कारखान्याचे हिशेब तपासून ठरवायचं. म्हणजे गाडी पुन्हा दप्तरापाशीच आली!

शेवटी कायदाच बदलला. सरकारने ठरवलेल्या वा मंजूर केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून खर्च धरली गेली. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत मागच्या वर्षांनाही दिली. दिलासा सुमारे १०,००० कोटी रुपयांचा, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. मात्र त्यासाठी कारखान्याने अर्ज करायचा आणि देयकं दाखवायची.

राज्याच्या करातही रीत हीच. विक्रीकर गेला, २००५ ला व्हॅट आला, २०१७ ला जीएसटी. नाव बदललं, पण नोटीस, उत्तर, आदेश, अपील हा क्रम तोच राहिला. आपली दूध संस्था, सोसायटीचं खताचं दुकान किंवा गूळ-हळदीचा व्यापार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. आयकराच्या आदेशावर पहिलं अपील ३० दिवसांत करायचं. जीएसटीत मुदत ३ महिने, आणि वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात. नोटीस आता पोस्टमनच आणेल असं नाही. ती पोर्टलवर येऊन पडते, आणि आपण उघडली नाही तरी मुदत चालूच राहते.

म्हणून चेअरमन आणि सचिवांनी आठवड्यातून एकदा पोर्टल पाहावं, दराचे ठराव तारीखवार लावून ठेवावेत आणि आदेश हाती पडताच वकील गाठावा. मुदत टळल्यावर गेलात, तर खरी बाजू असूनही वकिलाचा निम्मा वेळ उशिराची माफी मागण्यातच जाईल.