घामाचा हिशोब – लेखांक 9 : संपाची भाकरी कुठून येते?

उंब्रजच्या स्टँडवर घटकाभर उभं राहिलं की चारी वाटांचं माणूस दिसतं. चाफळच्या रामाला निघालेलं, तारळ्याच्या खोऱ्यात परतणारं, कृष्णा ओलांडून मसूरला जाणारं आणि हायवेनं सातारा-कराड करणारं. इथं संप म्हटलं की कुणाला कारखान्याचा भोंगा आठवत नाही, एसटी आठवते. म्हणून या आठवड्यात जगभरच्या संपांकडे इथल्याच बाकड्यावर बसून बघू.

मागच्या लेखांकात संप आणि टाळेबंदी यांतला फरक पाहिला. आजचा प्रश्न त्याहून साधा आहे. काम बंद, म्हणजे पगार बंद. मग संप चालू असेतो चूल कशावर पेटते?

सप्टेंबर 2024 हा महिना यासाठी बघण्यासारखा आहे. 3 तारखेला एसटीच्या कर्मचारी संघटनांच्या कृती समितीनं संप पुकारला. 9 तारखेला चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यातले हजारभर कामगार बाहेर पडले. 13 तारखेला अमेरिकेत बोईंगच्या सुमारे 33,000 कामगारांनी विमानं अर्धवट सोडली. आणि 1 ऑक्टोबरला अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरची बंदरं थांबली. एसटीचा संप दोन दिवसांत मिटला, बंदरांचा तीन दिवसांत. सॅमसंगचा 37 दिवस चालला, बोईंगचा सात आठवड्यांच्या वर गेला.

छोटे संप का जिंकले याचं उत्तर वरवर सोपं वाटतं. 7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. कोकणातल्या गणपतीला निघालेला चाकरमानी ‘पुढच्या आठवड्यात जातो’ असं म्हणू शकत नाही. शिवाय विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. 4 तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत बैठक झाली, मूळ पगारात 6,500 रुपयांची वाढ एप्रिल 2020 पासून धरून ठरली आणि गाड्या सुटल्या. अमेरिकेतही तसंच. अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली होती, नाताळचा माल समुद्रात होता. गोदी कामगारांना सहा वर्षांत 62 टक्के वाढ कबूल झाली आणि यंत्रांनी माणसांची जागा घ्यायची की नाही, हा खरा अवघड प्रश्न जानेवारीवर ढकलला गेला.

म्हणजे मुहूर्त साधला की झालं? नाही. ऑक्टोबर 2017 मध्येही एसटीनं मुहूर्तच साधला होता. ऐन दिवाळीत गाड्या थांबल्या. भाऊबीजेला माहेरी जाणाऱ्या बायका स्टँडवर पिशव्या घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. चार दिवसांत उच्च न्यायालयानं संप बेकायदा ठरवला, आणि सातव्या वेतन आयोगाची मागणी खिशात घालून चालक-वाहक परत कामावर आले. सणाची गर्दी तीच, स्टँड तोच, आणि हाती काही नाही.

2017 आणि 2024 यांच्यामध्ये एक गोष्ट घडली होती. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत ताणलेला एसटीचा संप. 2024 साली संपावर उतरलेल्या माणसांनी साडेपाच महिने विनापगार काढून दाखवले होते. दोन दिवसांच्या संपाला त्या साडेपाच महिन्यांची सावली होती, असं माझं मत आहे.

ते साडेपाच महिने त्यांनी काढले कसे, हे समजायला मात्र आणखी मागं जावं लागतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. कराड, पाटण, जावळी या तालुक्यांत असं गाव सापडणं कठीण होतं, ज्यातलं कुणी लालबाग-परळला साच्यावर नव्हतं. गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळी बदलली की वळकटीही बदलायची, आणि जेवण खानावळीत. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. त्या पैशावर इथं बैल घेतले गेले, घरांवर कौलं चढली, पोरींची लग्नं झाली. माझे चुलते साचेवाले होते. संपाच्या तिसऱ्या महिन्यात ते ट्रंक घेऊन गावी आले ते शाळू काढायला, असं सांगत. खळं झालं, उन्हाळा गेला, आणि पेरणीलाही ते इथंच होते.

त्या वर्षी मनिऑर्डरीचा रस्ता उलटा झाला. पैसा वर येईना, म्हणून धान्य खाली जाऊ लागलं. जे कामगार मुंबईत थांबले त्यांच्यासाठी गावांनी ज्वारी-तांदळाची पोती पाठवली. संपाचा फंड नावाची चीज युनियनकडे फारशी नव्हती. फंड होता तो या डोंगरउतारावरच्या एक-दोन एकरांत. गिरणी कामगार पुरता शहरी झाला नव्हता, याबद्दल विद्वानांनी पुष्कळ नाकं मुरडली आहेत. पण तो पुरता शहरी झाला असता, तर संप महिन्यात मोडला असता.

आणि तरीही तो हरला. रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, विरून गेला. कारण भाकरीचं गणित एकट्या कामगाराचं नसतं. समोरच्याची चूलही विझावी लागते. कित्येक मालकांना जुन्या यंत्रांच्या गिरण्या ओझंच झाल्या होत्या. कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या मागांवर निघत होतं, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग होत चालली होती. गावानं कामगाराला वर्षभर पोसलं, पण त्या वर्षभरात मालकाचं फारसं अडलं नाही. त्यात 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही दुसरीच युनियन कामगारांची अधिकृत प्रतिनिधी ठरलेली. सामंतांच्या मागं अडीच लाख माणसं असली, तरी बोलण्यांच्या टेबलाशी त्यांना खुर्ची नव्हती. श्रीपेरुंबुदूरच्या पोरांचा मुख्य हट्टही या खुर्चीसाठीच होता: आमची युनियन नोंदवा. ती नोंद अखेर जानेवारी 2025 मध्ये झाली.

अमेरिकेत गावाचा हा भार युनियन उचलते. सभासद वर्षानुवर्षं वर्गणी भरतात, त्यातून संपाचा भत्ता मिळतो. बोईंगच्या कामगारांना तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला 250 डॉलर मिळत होते. तिकडच्या मानानं ही रक्कम किरकोळच; शिवाय सप्टेंबरअखेर कंपनीनं त्यांचा आरोग्य विमा बंद केला, आणि तिकडे विमा नसताना दुखणं आलं म्हणजे घर विकायची पाळी. तरी त्यांनी एकामागून एक देकार नाकारले. शेवटी चार वर्षांत 38 टक्के वाढ घेऊन ते परतले. ज्या गोष्टीसाठी जुनी माणसं हटून बसली होती, ती 2014 साली गोठवलेली पेन्शन, मात्र परत आली नाही.

हे वाचताना एसटीतल्या कुणालाही आपली विलीनीकरणाची मागणी आठवेल.

2021 च्या संपाची सुरुवात पगाराच्या तंगीतून झाली. लॉकडाऊनमध्ये चाकं थांबलेली, पगार लांबलेले. 27 ऑक्टोबरला कृती समितीनं उपोषण सुरू केलं. सरकारनं महागाई भत्ता 12 वरून 28 टक्के केला, नेत्यांनी उपोषण सोडलं. पण आगारं सुटेनात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली अडीचशे आगारं बंद होती. मागणी आता एकच उरली होती: महामंडळ राज्य शासनात विलीन करा. ती कुण्या युनियनच्या ठरावातून आलेली नव्हती, डेपोच्या फाटकावर पिकलेली होती. म्हणूनच तिला जोर होता, आणि म्हणूनच ती कुणाला सोडवता येईना.

पैशाची मागणी मध्यावर तुटते. दहा मागा, सहा घ्या. विलीनीकरण अर्धं देता येत नाही. मला त्या वेळीही वाटत होतं की इथं गाडी फसणार. परिवहन मंत्री अनिल परब यांनी 24 नोव्हेंबरला वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5,000, वीसपर्यंत 4,000, त्यापुढच्यांना 2,500. नव्या माणसाचं मूळ वेतन 12,080 वरून 17,080 झालं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सांगली जिल्ह्यातले दोन नेते, गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत, आझाद मैदानातून बाजूला झाले. कामगार बसून राहिले. सूत्रं वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेली. निलंबनं दहा हजारांवर गेली, बडतर्फीच्या नोटिसा आल्या, काही कर्मचाऱ्यांनी जीवही दिला. न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीनं विलीनीकरण शक्य नसल्याचं सांगितलं. अखेर 7 एप्रिल 2022 ला न्यायालयानं 22 तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि लोक परतले.

या काळात कुणी भाजीची गाडी लावली, कुणी दुसऱ्याच्या ट्रकवर गेला, आणि ज्याचं गावी रान होतं तो उसाला पाणी पाजत बसला. पुन्हा तेच एक-दोन एकर. फरक इतकाच, की 1982 ला गावात माणसं होती आणि मुंबईत पगार होता. 2021 ला पगार गावातच होता आणि रानाचे चार भावांत तुकडे झाले होते. ज्याच्या वाट्याला दहा गुंठे आले त्यानं बायकोचं डोरलं गहाण ठेवलं.

आणखी एक भाकरी होती जी हिशोबात धरली जात नाही. कोविडनंतर खेड्यातल्या शाळा 4 ऑक्टोबर 2021 ला उघडल्या होत्या. महिन्याभरात एसटी बंद. मुक्कामी गाडी बंद, पास कागदाचा तुकडा. सरकारनं खाजगी वाहनांना प्रवासी न्यायची मुभा दिली. आमच्याकडे त्याला वडाप म्हणतात आणि ते मुभेची वाट बघत थांबलेलं नव्हतंच. हायवेवर वडापची चंगळ झाली. पण तारळे खोऱ्यातल्या शेवटच्या वाडीत वडाप फुल्ल झाल्याशिवाय हलत नाही, आणि पैसे रोख घेतं. पोरगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कराड गाठतो. पोरीला घरातले म्हणतात, राहू दे या वर्षी. संपाचा हा खर्च कुठल्या कृती समितीच्या किंवा महामंडळाच्या वहीत चढलेला मी पाहिला नाही.

आता परत सप्टेंबर 2024 कडे. ‘सरसकट 6,500’ हा आकडा पेपरात मोठा छापून आला, पण त्याची फोड बघण्यासारखी आहे. ज्यांना 2021 मध्ये 5,000 मिळाले होते त्यांना आता 1,500. ज्यांना 4,000, त्यांना 2,500. ज्यांना 2,500, त्यांना 4,000. प्रत्येक ओळीची बेरीज 6,500. म्हणजे दोन दिवसांत मिळालेल्या रकमेतला मोठा भाग आधीच्या साडेपाच महिन्यांनीच आणून ठेवलेला होता, आणि ज्या जुन्या चालकांना तेव्हा सगळ्यात कमी मिळालं होतं, त्यांची भरपाई या वेळी झाली. विलीनीकरणाचा शब्द त्या बैठकीच्या निर्णयात नव्हता.

उंब्रजच्या आसपास ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. ओढ्याकडेला कोप्या पडतात. त्यांनीही जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळवली. टनाला 273 चे 366 झाले. पण या माणसांना ना युनियनचा भत्ता, ना इथं रान, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल गाव सोडण्याआधीच खाऊन झालेली. आधीच खाल्लेल्या भाकरीवर संप कसा करतात, ते पुढच्या आठवड्यात.