पाणी पाहून बोट: जुनी ‘हॉबी १६’ निवडताना

महाराष्ट्रात बहुतेकांना कॅटमरान ठाऊक झाली ती गेटवे ते मांडवा या फेऱ्यांमुळे. दोन समांतर हलांवर, म्हणजे बोटीच्या लांबट पोकळ तळांवर, उभी असलेली, इंजिनावर धावणारी ती प्रवासी बोट. याच रचनेच्या छोट्या, केवळ वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या बोटीही असतात. पूस, अरुणावती, बेंबळा आणि पैनगंगेवरचे इसापूर असे मोठे जलाशय ज्याच्या वाट्याला आले आहेत, त्या यवतमाळ जिल्ह्यातील हौशी माणसाने अशी एखादी जुनी बोट घ्यायची ठरवली, तर कोणती घ्यावी? माझे उत्तर ‘हॉबी १६’ असे आहे, आणि त्याची कारणे त्या बोटीच्या घडणीतच आहेत.

एका हलाच्या शिडाच्या बोटीला कलंडू न देण्यासाठी तळाशी वजन लागते किंवा रुंदी वाढवावी लागते. कॅटमरान हे काम दोन हलांमधल्या अंतरावर सोपवते. हल अरुंद आणि हलके, त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी आणि वेग जास्त. हा वेग शर्यतीच्या जगाला सुरुवातीला पचला नाही. १८७६ मध्ये नॅथानिएल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ या कॅटमरानने न्यूयॉर्कच्या शर्यतीत एकहली बोटींना मागे टाकले, तेव्हा तिलाच अपात्र ठरवण्यात आले. पुढे शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, ‘टॉर्नेडो’ ही कॅटमरान ऑलिंपिकमध्ये आली आणि २००८ पर्यंत टिकली. २०१६ पासून ती जागा ‘नाक्रा १७’कडे आहे, तिच्यावर एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी असते.

‘हॉबी १६’ या वंशातली सर्वांत लोकप्रिय बोट. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘हॉबी १४’ आणि त्यानंतर लवकरच ही बोट आणली. आजवर जगभर एक लाखाहून अधिक बोटी विकल्या गेल्या. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतही हा वर्ग, म्हणजे याच प्रकारच्या बोटींची वेगळी शर्यत, होता. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. धक्का नाही, जेटी नाही, नुसती वाळू आहे अशा किनाऱ्यावरून दोघांनी ती ढकलत पाण्यात न्यावी, असाच तिचा मूळ हेतू होता.

यवतमाळच्या जलाशयांना नेमके हेच हवे. इथे पाण्याची कड एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर पाणी उतरत जाते, उघड्या पडलेल्या गाळात गाळपेरीची पिके उभी राहतात, आणि ऑक्टोबरमध्ये जिथून बोट सोडली तिथून मार्चमध्ये पाणी कितीतरी लांब गेलेले असते. उतरत्या पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात, भोई बांधवांची जाळी पसरलेली असतात. अनेक कॅटमरानांच्या तळातून एक फळी खाली उतरते, ती बोटीला बाजूला सरकू देत नाही. ‘नाक्रा १७’ सारख्या बोटींच्या फॉइल, म्हणजे पाण्याखालचे पंख, हेही असेच खोल जातात. खोड किंवा जाळे लागले की पहिला फटका त्यांना बसतो. ‘हॉबी १६’ ला अशी फळीच नाही. तिच्या हलाची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते. बाजूला सरकणे रोखण्याचे काम हा आकारच करतो. सुकाणू कशाला टेकले तर आपोआप वर उचलले जाते.

जुनी बोट पाहायला जाल तेव्हा रंगाकडे शेवटी पाहा. आधी गुडघे टेकून हल तपासा. हल म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये फोम. वरच्या पृष्ठभागावर, विशेषतः पुढच्या आडव्या दांड्याच्या आसपास, अंगठ्याने दाबत जा. कुठे दबले, किंवा नाण्याने टिचकी मारल्यावर टणक आवाजाऐवजी बोदा आवाज आला, तर आतले थर सुटले आहेत. लहान डाग इपॉक्सी भरून दुरुस्त होतो. हात ठेवू तिथे दबत असेल तर सौदा सोडा. मग तळ. वर्षानुवर्षे वाळूवर ओढल्याने तळाचा कणा झिजतो. हल गळतो का, हे पाहायला मागचे बूच काढून तोंडाने हलकी हवा भरा आणि जोडांवर साबणाचे पाणी फिरवा. बुडबुडे गळतीची जागा दाखवतील. हवा भरण्याचा पंप मात्र वापरू नका, हल फुटू शकतो.

त्यानंतर सांगाडा. एका हलाचे टोक उचला. दुसऱ्यानेही लगेच साथ दिली पाहिजे. चौकट लचकत असेल तर कोपऱ्यांचे जोड सैल झाले आहेत. डोलकाठी सरळ आहे का, तिचे वरचे टोक बंद आहे का, हे पाहा. तिच्यात पाणी शिरले तर कलंडलेली बोट पूर्ण उलटी होते. पोलादी तारांवरून सुती फडके फिरवा; ते अडकले तर तारेचा धागा तुटलेला आहे, आणि मग सगळ्याच तारा बदला. बोट मुंबई-गोव्याकडून येत असेल तर ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी शोधा. ती खाऱ्या पाण्याची खूण. धरणाच्या गोड्या पाण्यात हा त्रास घटतो, पण विदर्भाचे ऊन शीड आणि मधले जाळीचे ट्रॅम्पोलिन खाते. शिवण नखाने ओढून पाहा, आणि बोट घरी आल्यावर ती झाकूनच ठेवा.

मौजेसाठी बोट हवी की शर्यतीसाठी, हे सौद्याआधी ठरवा. मौजेसाठी मऊ पडलेले शीडही दोन हंगाम चालेल. शर्यतीत मात्र वर्गाच्या नियमांतलेच शीड आणि सुटे भाग चालतात, आणि एकट्या बोटीची शर्यत होत नाही. म्हणून जिथे उतरायचे त्या क्लबात कोणत्या वर्गाच्या बोटी नियमित धावतात, हे आधी विचारा आणि तोच वर्ग घ्या.

‘हॉबी १६’ चे दोषही लक्षात ठेवावेत. मंद वाऱ्यात ती वाऱ्यासमोरून वळायला कुरकुरते. जोराचा वारा पाठीमागून आला की तिची बारीक नाके पाण्यात घुसतात आणि बोट पुढच्या पुढे उलटते. अशा वेळी दोघांनी वजन मागे न्यावे लागते. उलटलेली बोट सरळ करायला दोघांचे मिळून साधारण १३५ किलो वजन लागते, म्हणून एकट्याने लांब जाऊ नये. एप्रिल-मेच्या दुपारी वादळी वारा अचानक उठतो, तेव्हा किनारा गाठा. आणि सर्वांत मोठा धोका पाण्याबाहेर आहे: आठ मीटरची धातूची डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा आहेत का ते पाहा. डोलकाठीचा तारेला झालेला स्पर्श जीव घेतो.

धरणाच्या पाण्यावर उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या, लाइफ जॅकेट अंगावर ठेवा आणि मच्छीमार संस्थेच्या माणसांना भेटा. खोडे कुठे आहेत, जाळी कुठे लागतात, वारा कुठून फिरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. टणक हल, सरळ डोलकाठी आणि धडधाकट तारा असलेली जुनी ‘हॉबी १६’ मिळाली, तर फिक्या रंगासाठी आणि विटलेल्या शिडासाठी ती सोडू नका. शीड नवे घेता येते, पण कुजलेला हल पुन्हा टणक होत नाही.