पाणी घरी ठेवून

फ्रीझ-ड्राय केलेल्या राजमा-भाताचं पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं की आपल्याला फसवलंय असंच वाटतं. वजन जेमतेम 120 ग्रॅम, आत काहीतरी खुळखुळतंय, आणि किंमत मात्र भरल्या थाळीची. पाठीमागे सूचना असते: साडेतीनशे मिलिलिटर उकळतं पाणी ओता, झिप लावा, दहा मिनिटं थांबा. म्हणजे जेवणाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग विकणाऱ्याने दिलेलाच नाही. तो आपण आणायचा. या अन्नाची सगळी करामत त्यात आहे आणि सगळी गोमही.

दोघांनी पाच दिवस, रोज दोन वेळा जेवायचं तर वीस पाकिटं लागतात. त्यांचं वजन होतं सुमारे अडीच किलो. तेच शिजलेलं अन्न ओलं न्यायचं तर साडेनऊ किलो भरेल. जाहिरातीत हाच हिशेब असतो आणि तो खोटा नाही. पण ओला राजमा-भात सॅकमध्ये घालून हिमालयात जातं कोण? आपण नेतो तांदूळ आणि डाळ, आणि तेही कोरडेच असतात. फरक पडतो तो शिजवण्यात. 5,000 मीटरवर पाणी सुमारे 83 अंशांनाच उकळतं. त्या उकळीत तूरडाळ तासभर खदखदली तरी बोटाने दाबली जात नाही. मग कुकर न्या, गॅस जास्त न्या. पाकिटातलं अन्न आधीच शिजलेलं असतं. वाचतो तो गॅस आणि वेळ. वजन वाचतं ते त्याच्या मागोमाग.

ही किमया होते कशी? शिजलेला पदार्थ आधी गोठवतात. मग बंद कोठीतली हवा इतकी उपसतात की आतला दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या 1 टक्क्याहूनही कितीतरी खाली जातो. पाण्याची एक खोड आहे: दाब 611 पास्कलच्या खाली गेला की ते द्रवरूपात राहूच शकत नाही. हलकी ऊब दिली की बर्फाची थेट वाफ होते, कपाटातली डांबरगोळी विरावी तशी. शाळेत याला संप्लवन म्हणतात. वाफ शेजारच्या अतिथंड नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते. उन्हात वाळवलेला वाटाणा आक्रसतो, म्हणून तो भिजायला रात्र लागते. इथे मात्र बर्फाचे कण जिथे होते तिथे पोकळ्या उरतात, घडण मोडत नाही, आणि गरम पाणी त्या वाटांनी पटकन आत शिरतं. तेलातुपाला ही युक्ती लागू पडत नाही. स्निग्धांश तसाच राहतो आणि हवा लागली की खवट होतो, म्हणून पाकिटात प्राणवायू शोषणारी पुडी टाकतात. किलोभर बर्फाची वाफ करायला 2,800 किलोज्यूलच्या वर उष्णता लागते. त्यात हवा उपसणारे पंप आणि शीतयंत्रं दिवस-दिवस चालू ठेवायची. थाळीची किंमत तिथून येते.

'फ्रीझ-ड्रायिंग इंकांनी शोधलं' असं या पाकिटांच्या इतिहासात हटकून सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावर, 3,800 मीटरच्या आसपास, जून-जुलैच्या कडाक्यात बटाटे रात्री उघड्यावर गोठू देतात. दिवसा ऊन लागून ते मऊ पडले की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस चाललं की 'चुन्यो' तयार होतो. काळा, हलका, वर्षानुवर्षं टिकणारा. बरंच पाणी इथे पायाखाली आणि उन्हात जातं. निर्वात कोठीची किमया ही नव्हे. पण थंडीलाच कामाला लावायचं, ही अक्कल त्या पठारावरच्या लोकांचीच. इंकांची कोठारं त्याने भरलेली असत. पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांना तोच खाऊ घालून स्पॅनिश व्यापारी गब्बर झाले.

यंत्रातली पद्धत अन्नासाठी जन्मली नाही. 1906 मध्ये पॅरिसमध्ये दार्सोन्व्हाल आणि बोर्दास यांनी ती प्रयोगशाळेत मांडली. दुसऱ्या महायुद्धात जखमींसाठीचा रक्तद्रव तिने कोरडा करून आघाडीवर पाठवला गेला. गोवराच्या लशीची कुपी आठवा: तळाशी पांढरा चुरा, आणि टोचण्याआधी त्यात मिसळायचं द्रावण. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जगभर जाणारी गोवराची लस आणि गिर्यारोहकाचा पुलाव एकाच तंत्राची अपत्यं आहेत.

जेवणाच्या पाकिटाला सैन्याने वाढवलं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याच्या लांबच्या गस्ती तुकड्यांना टिनचे डबे जड होत, म्हणून त्यांना हे हलकं रेशन मिळालं. ते पुरवणाऱ्या ओरेगॉनच्या एका कारखान्याने पुढे 'माउंटन हाउस' नावाने तेच गिर्यारोहकांना विकलं. आपल्याकडे म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा 1961 पासून जवानांच्या शिध्यावर काम करत आली. 1984 मध्ये राकेश शर्मांच्या अंतराळातल्या जेवणाची तयारीही तिथलीच.

आता पाण्याकडे येऊ. हिमरेषेच्या वर पाणी चहूकडे असतं, पण गोठलेलं. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे वितळवायचं आणि उकळायचं मिळून गॅस दुप्पट. तरी तिथे पाकीट परवडतं, कारण डाळ शिजवत बसण्याचा गॅस वाचलेला असतो. थंडीत वाफ पाकिटातच कोंडून ते जॅकेटच्या आत धरायचं आणि छापलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबायचं. इतक्या उंचीवर दहा मिनिटांत राजमा आतून कुरकुरीतच राहतो.

सह्याद्रीत सगळं उलटं. मे महिन्यात गडावरची टाकी आटलेली किंवा हिरवी पडलेली असतात, आणि प्यायचं पाणी पायथ्यापासून वाहून न्यावं लागतं. पाकिटात ओतायचं पाणी पाठीवरूनच आलं, तर हलकेपणा गेला कुठे? पावसाळ्यात पाणी मुबलक, पण तेव्हा राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांकडे गरम पिठलं-भाकरी मिळते. तिच्यासमोर पाकीट फोडणाऱ्याची मला कीव येते. शिवाय शिजवून वाळवलेलं, पाण्याचा शिपका मारला की खाता येणारं अन्न आपल्या डब्यात पूर्वापार आहेच. भात उकडून, भाजून, चेचून केलेले पोहे. दही आणि मेतकूट सोबत असेल तर चूलही पेटवावी लागत नाही. म्हणून पाकिटं न्यायची ती हिमालयातल्या खिंडीखालच्या शेवटच्या दोन मुक्कामांपुरती, आणि सोबत तुपाची छोटी बाटली, कारण ते कारखान्याने मुद्दाम कमी घातलेलं असतं.