आजीची मिश्री आणि मेंदूतली कुलपे

आमची आजी पहाटे उठली की चहाच्या आधी मिश्री लावायची. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि बारीक कुटायची. भाजताना असा ठसका उठतो की आमची मांजरसुद्धा बाहेर पळते. मिश्रीने दात घट्ट राहतात म्हणून आजीने ती लहानपणीच सुरू केली. आता तिच्या तोंडात पुढचे चारच दात उरलेत!

दिवाळीनंतर तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा अजून कर्करोग नाही, पण मिश्री चालूच राहिली तर होऊ शकतो. आजीने त्याच दिवशी डबी चुलीत टाकली. तिसऱ्या दिवशी मात्र तिचे डोके ठणकू लागले, झोप उडाली, ती सगळ्यांवर खेकसू लागली. शेवटी शेजारून चिमूटभर मागून आणली. मी रागाने म्हणाले, "आजी, तुला मन घट्ट करताच येत नाही!" ती काहीच बोलली नाही. मग मलाच वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले, असे का होते?

बाईंनी सांगितले ते असे. आपल्या मेंदूत अब्जावधी मज्जापेशी असतात. दोन पेशींमध्ये अगदी बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, ते फट ओलांडून दुसरीवर जाऊन बसते, तेव्हा निरोप पोचतो. रसायन ही किल्ली समजा आणि दुसऱ्या पेशीवर कुलपे आहेत असे समजा. अशा एका किल्लीचे नाव असिटिलकोलीन. (हे पाठ करायला मला दोन दिवस लागले.) तंबाखूतले निकोटिन ही तिची चोरकिल्ली. बिडीच्या धुरातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत जाते, मिश्रीतून हिरडीवाटे सावकाश जाते. कुलूप उघडले की डोपामाइन नावाचे रसायन सुटते, बरे वाटते, आणि मेंदू ते ध्यानात ठेवतो.

रोज चोरकिल्ली येऊ लागली की मेंदू कुलपेच वाढवतो. रक्तातले निकोटिन दोनेक तासांत निम्मे होते. मग कुलपे रिकामी पडतात, माणूस चिडतो, डोके दुखते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण. आजी नेमकी तिथेच अडली होती!

तंबाखू बंद राहिली तर ही जास्तीची कुलपे काही आठवड्यांत कमी होतात. तेवढे दिवस निभावायला औषध मिळते. निकोटिनचे च्युइंगम असते, पण आजीला दाढाच नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी दिली. मला नवल वाटले, विषावर विषच? पण कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या इतर द्रव्यांमुळे. ती पट्टीत नसतात, आणि पट्टीची मात्रा पुढे कमी करत नेतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

दारूचे मात्र वेगळे आहे. रोज खूप पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रात अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार करतात.

तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, असे बाई म्हणाल्या. तेवढा वेळ मी आजीला बडीशेप देते आणि तिच्याशी चिंचोके खेळते. ती खेळात लबाडी करते. काल सतरावा दिवस होता. रोज विचारते, "किती कुलपं ऱ्हायली गं अजून?"

चट्टा पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचा आहे.

— इयत्ता सातवी